मोहाचं अत्तर

२३ मार्च २०२३
नागपूरच्या अत्तरवाल्याने मी काढलेल्या वाळ्याच्या अत्तराची बाटली हुंगली आणि परत दिली. "बेटा, अत्तर कन्नौज से आता है. आंबागड से नहीं." येईल! आवडलं होतं त्याला. दोनदा हुंगलं मेल्याने, उगाच नाही.

आता मोहाचं करणार. पहाटे रानात फुलं टपटप पडतात तेव्हाचा वास — तोच हवा. शिकवायला कुणी नाही. नसू दे. मोबाईल आहे, नाक आहे.

२४ मार्च
अडचण एकच — आई. जानकीबाई, आमच्या आंबागडच्या दारूबंदी समितीची अध्यक्ष. बाबा मोहाच्या दारूनेच गेले. तेव्हापासून मोहाचं फूल आमच्या उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. विचारलं तर नाहीच म्हणेल. म्हणून विचारलंच नाही! जुना कुकर काढला, शिट्टीच्या जागी तांब्याची नळी बसवली. फुलं बादलीत भिजवून गोठ्यात झाकून ठेवली.

२७ मार्च
साकोलीला आत्याकडे गेले ती अडकलेच. आज आल्या आल्या चूल पेटवली. नळीतून थेंब पडायला लागले. आणि वास? फुलाचा नाही — भट्टीचा! उन्हाने बादलीतली फुलं आंबून दारूचा सडवा झाला होता. म्हणजे मी, अध्यक्षांची मुलगी, अध्यक्षांच्याच गोठ्यात दारू काढत होते!

मोहाच्या बाबतीत या गावाचं नाक भारी तिखट. समितीची कुंताबाई बायका घेऊन, काठ्या घेऊन हजर. "जानकीबाई, तुमच्याच घरून वास येऊन राहिला वो!"

आईने कुऱ्हाड घेतली आणि उलट्या बाजूने कुकर चेपला. मग बादली लवंडली. "नेम साऱ्याईले सारखा," म्हणाली.

"अत्तर होतं ते!" मी ओरडले.

"मोहाचं अत्तर नाई होत, पोरी. मोहाचं एकच होते."

२८ मार्च
मी बोलत नाही. ती पण नाही.

२९ मार्च
फुलाचा काय गुन्हा? प्याली माणसं, बदनाम झालं झाड! याच फुलांच्या भाकरी खाऊन लोकांनी दुष्काळ काढले, ते नाही कुणाला आठवत. आईचा राग आला आहे. ती बरोबर होती म्हणून जास्तच आला आहे.

करणार म्हणजे करणार. या वेळी चूल नाही, पाणी नाही, आणि चोरून तर मुळीच नाही. फुलेल तेलाची जुनी रीत — धुवून वाळवलेल्या तिळांवर ताजी फुलं पसरायची, रोज बदलायची, तिळांत वास मुरला की तेल काढायचं. सुपं भर अंगणात मांडली, आईच्या डोळ्यांसमोर. फेकायची तर फेक, म्हटलं.

३ एप्रिल
फेकली नाहीत. पण सुपांजवळून जाताना पदर नाकाला लावते. लावू दे.

कुंताबाई कुंपणावरून डोकावली. "आता काय करून राहिली वो पोट्टी?"
"अत्तर."
"पेतेत का ते?"
"पेऊन पाहा, जुलाब होतीन!"
सकाळभर हसत होते एकटीच.

१२ एप्रिल
तुमसरच्या तेलघाण्यावरून तेल काढून आणलं. घाणेवाला म्हणे, एवढ्याशा तिळांसाठी कोण येतं? मी येते! एसटीतच बूच काढलं. पहाट! तीच — गोड, ओलसर, थोडी पाचोळ्याची. शेजारची म्हातारी पाहत होती तरी रडले.

जेवताना बाटली आईच्या ताटाशेजारी ठेवली. तिने ती बाजूला सरकवली आणि जेवली. फार लागलं मनाला.

१४ एप्रिल
जयंती. विहारात आई पांढरं लुगडं नेसून पुढच्या रांगेत. पंचशील सुरू झालं. दारू न पिण्याचं पाचवं शील म्हणताना कुंताबाईची मान वळली, मग तिच्या मागच्या बायकांच्याही. वंदना संपल्याबरोबर ती आईच्या कानाशी, "जानकीबाई, मोहाचा वास येऊन राहिला!"

आईने दोन्ही मनगटं पुढे केली. "माह्या पोरीनं बनवलं. हुंग."