कोबीचा प्रीमियम

३ मार्च
आजपासून भाज्या. निर्णय पक्का.
हिने पेपरातलं कात्रण फ्रिजवर चिकटवलंय. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर ‘कदाचित’ कमी होत असावा. कदाचित! लिहिणारा भित्रा दिसतो. आम्ही इन्शुरन्सचे सर्व्हेयर. ठोकलेल्या गाडीभोवती एक चक्कर मारून सांगतो चूक कोणाची. आम्ही कदाचित लिहिलं तर साहेब घरी बसवेल.
सरळ गणित आहे. भाजी हा प्रीमियम, सिगारेट हा क्लेम. प्रीमियम वेळेवर भरला की क्लेम कोणाच्या बापाला नाकारता येत नाही. एवढं एकाही डॉक्टरला सुचू नये? गाढव लेकाचे.

४ मार्च
उकडलेला कोबी. ओल्या पायमोज्याचा वास. नाक दाबून गिळला. लगेच हक्काची सिगारेट, बैठकीत, पंख्याखाली. ही खोकत उठून गेली. नाटकं.

६ मार्च
मुलीचा फोन. बाळाला हॉस्पिटलातून सोडतायत. वेळेआधी जन्मलेलं, छाती अजून नाजूक. महिनाभर आमच्याकडे राहायला येते म्हणाली, पण घरात सिगारेट अजिबात चालणार नाही.
बापाच्या तब्येतीची धास्ती, दुसरं काय! लहानपणापासून माझ्यावर जीव. तिला म्हटलं, काळजी करू नकोस, मी कोबी सुरू केलाय. ती म्हणाली, आईला फोन द्या. भरून आलं असेल.
नातीला अजून मांडीवर घेतलेलं नाही. फक्त काचेतून पाहिलंय. मुठी वळून झोपली होती, माझ्यासारखं कपाळ. आठवण झाली की कामात लक्ष लागत नाही.

७ मार्च, दुपारी, गॅरेजमध्ये
एक महाभाग क्लेम घेऊन आला. ब्रेक गेलेले माहीत असून गाडी हाणली, भिंतीवर आदळली. वर म्हणतो, साहेब, रोज धुतो हो गाडी, पुसतो, पॉलिश करतो. मी म्हटलं, धुतल्याने ब्रेक लागतात का रे? गॅरेजवाला खो खो हसला. क्लेम नामंजूर. काय एकेक नग भेटतात!
बाहेर येऊन सिगारेट. डब्यातली ब्रोकोली आधीच संपवली होती, म्हणून दुसरीही.

९ मार्च
हिने कात्रणाचा खालचा भाग मोठ्याने वाचला. भाज्यांचा फायदा अजून पक्का सिद्ध नाही, सिगारेट सोडणं हाच खरा उपाय. बारीक अक्षरात छापलंय! गिऱ्हाइकाला फसवायचे धंदे. बारीक अक्षरांवर आम्ही जगतो, आम्हाला शिकवता?
कात्रण फाडून टाकलं. ब्रोकोली डबल केली. पोटात गॅस. भाजीवाली विचारते, घरी ससे पाळलेत का. उद्धट बाई. दुकान बदलणार.

११ मार्च
आता पुरावाच देतो. एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाला, सध्या काही दिसत नाही, पण एवढ्यावर जाऊ नका, सिगारेट सोडा, भाजीने धूर धुतला जात नाही. ‘काही दिसत नाही’ एवढंच कामाचं. पुढची बडबड फीमध्ये धरलेली असते.
जिंकलो! एक्स-रेचा फोटो मुलीला पाठवला. खाली लिहिलं, बघ बापाची छाती. आता बिनधास्त ये.
त्या आनंदात बैठकीत सलग दोन.

१२ मार्च
मुलगी येत नाही. जावई तिला आणि बाळाला त्याच्या आईकडे घेऊन गेला. माझं डोकंच फिरलं. फोनवर ओरडलो, रिपोर्ट क्लीअर आहे, आणखी काय हवं? मुलगी रडायला लागली. जावयाने फोन ठेवून दिला. शेफारलाय.
ही बॅग भरत होती. मदतीला निघाली. तिच्यावरही ओरडलो, माझ्या छातीला काही झालेलं नाही, कळतंय का?
ही बॅगेची चेन लावत शांतपणे म्हणाली, तुमच्या गाडीला ओरखडा नाही हो, मान्य. पण ज्याला धडकताय त्याचं काय? इतकी वर्षं लोकांना थर्ड पार्टी समजावून सांगता ना?
हिने थर्ड पार्टी शिकवावी? मला! ती दार ओढून गेली.

१५ मार्च
सिगारेट बंद. यावेळी खरंच. पाकीट कचऱ्यात. पडदे धुतले. पंखा पुसला तर फडकं पिवळं झालं. कंपनी हलक्या प्रतीचे पंखे बनवते.
मुलीला फोन केला. आवाज चढवला नाही. ती म्हणाली, रविवारी या बाबा, बाळाला मांडीवर देते. फक्त ओढून येऊ नका.
एवढंच ना? हातचा मळ.

१८ मार्च, रविवार
आंघोळ केली. धुतलेला शर्ट घातला. वेळेच्या बऱ्याच आधी बसस्टॉपवर. नातीला काय म्हणायचं याची मनात तालीम चालली होती. बसला उशीर. या परिवहनवाल्यांना फोडून काढलं पाहिजे. शेजारी टपरी.
अर्धी ओढून झाल्यावर लक्षात आलं.
बस आली. कंडक्टर म्हणाला, चला आजोबा. मी म्हटलं, पुढच्या बसने येतो.
घरी आलो.