गढूळ पाण्याचा इलाज

३ नोव्हेंबर

सोलापूरहून परत आलो. परवा सास्तूरच्या वळणावर माझी मोटारसायकल बैलगाडीला धडकली (चूक बैलाची). डोक्याला मार लागला म्हणून मशीनमध्ये घालून फोटो काढले. मार किरकोळ. पण मेंदूतल्या एका बारीक रक्तवाहिनीला फुगा आलाय, तो आधीपासूनचाच. डॉ. निखत मॅडम म्हणाल्या, फुटला तर जीव जाऊ शकतो. मी हसलो. बायको, शिवकन्या, रडली. बायकांना असल्या गोष्टी धीरानं समजावून सांगाव्या लागतात, म्हणून एसटीत मीच तिला समजावलं. समजावताना माझाच आवाज बसला. एसटीत धूळ फार.

५ नोव्हेंबर, सकाळ

मॅडमनी सांगितलेला इलाज असा. मांडीतून तार घालून मेंदूपर्यंत जायचं आणि फुग्याच्या तोंडासमोर बारीक जाळीची नळी बसवायची. फ्लो डायव्हर्टर म्हणतात. रक्त नळीतून सरळ पुढं जातं, फुग्यातलं जागीच गोठतं आणि काही महिन्यांत फुगा बंद. हे तर कालव्याचं काम! पाटबंधारे खात्यात माकणीच्या कालव्यावर निरीक्षक म्हणून मी जन्म काढला. मॅडमना दोन सूचना केल्या. वाहिनी फारच बारीक आहे, काम नाजूक आहे, असं त्या म्हणत होत्या. मी म्हणालो, कालव्याच्या शेवटच्या बारीक चारीला पाणी कसं पोचवायचं ते मला विचारा. त्यांनी पुढचा पेशंट बोलावला.

निश्चय: तंबाखू आजपासून बंद.

५ नोव्हेंबर, संध्याकाळ

तंबाखू एकदम सोडली तर शरीराला धक्का बसतो. हळूहळू.

१४ नोव्हेंबर

ऑपरेशन उद्या. आठवडाभर रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. एकही चुकवली नाही. भीती म्हणून नव्हे, शिस्त म्हणून. मॅडमना सांगून ठेवलंय की भूल नको, मी पडद्यावर काम बघणार. सुपरव्हिजनची सवय आहे.

१६ नोव्हेंबर

भूल दिली. नळी बसली. काम उत्तम झालं म्हणतात. न बघता मी कसं सर्टिफिकेट देऊ? शिवकन्या नर्सला सांगत होती की, आत नेताना मी तिचा पदर सोडतच नव्हतो. पदर स्ट्रेचरच्या चाकात अडकू नये म्हणून धरला होता.

२१ नोव्हेंबर

घरी. गोळ्या अजून कित्येक महिने घ्यायच्या. मधेच सोडल्या तर नळीतच गुठळी होईल, असं मॅडमनी दोनदा बजावलं. शिवकन्या म्हणाली, गोळ्या मी सांभाळते. मी साफ नाही म्हणालो. ज्यानं अख्ख्या कालव्याच्या पाणीपाळ्या सांभाळल्या त्याला दोन गोळ्या सांभाळता येत नाहीत की काय?

२ डिसेंबर

दाढी करताना कापलं. रक्त थांबता थांबेना. हिरड्यांतूनही येतंय. गफारभाईच्या हॉटेलात बसून शांतपणे विचार केला. फुगा बंद व्हायचा तर रक्त गोठलं पाहिजे. मग ते पातळ कशाला करायचं? कालव्याला गळती लागली की नितळ पाण्यानं ती वाढते. गढूळ पाणी सोडलं की गाळ बसतो आणि भेगा आपोआप मुजतात. आमच्या खात्यात हे पाटकऱ्यालासुद्धा ठाऊक. मॅडमचा अभ्यास दांडगा आहे, पण कालव्यावर नोकरी नाही झाली त्यांची.

गफारभाई म्हणाला, एकदा डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारा. त्याला चहातलं कळतं.

३ डिसेंबर

गोळ्या बंद. शिवकन्येला सांगितलं नाही. शास्त्रीय प्रयोगात घरच्यांना घेऊ नये. गोळी रोज पाकिटातून काढतो आणि परसात पपईच्या मुळाशी पुरतो. खजूर, डाळिंब, गूळ-शेंगदाणे सुरू केलेत. रक्त दाट झालं पाहिजे.

७ डिसेंबर

तब्येत झकास. हिरड्यांचं रक्त थांबलं. हॉटेलात चौघांना थिअरी समजावली, चौघांनाही पटली. एकानं तर स्वतःची बीपीची गोळी सोडायचं ठरवलं. तेर गावच्या शाळेत यावर व्याख्यान देता येईल. तंबाखूचं त्यानंतर बघू.

९ डिसेंबर

सकाळी चहाचा कप हातातून पडला. नंतर पेनही. आमच्या घरात हल्ली सगळंच गुळगुळीत

१३ डिसेंबर, सोलापूर

हात थरथरतो. थोडक्यात लिहितो.

त्या दिवशी तोंड वाकडं झालं, बोलणं बंद झालं. गफारभाईनं गाडी काढली म्हणून वेळेत पोचलो. नळीत गुठळी. मॅडमनी पुन्हा तार घालून औषध सोडलं. हात परत आला. मेहुणा शंकरप्पा येऊन दवाखान्यात ओरडला, नळीच खराब बसवली, आमच्या माणसाचं वाटोळं केलं. मला बोलता येत नव्हतं. खरंच येत नव्हतं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि रक्ताचा रिपोर्ट पुढं केला. रक्तात गोळ्यांचा असर शून्य.

बायको माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "तुम्ही मेला असता, तर म्या जलमभर ह्या बाईलाच शिव्या दिल्या असत्या."

मला लाज वाटली. दुसरा शब्द शोधला, सापडला नाही.

१५ डिसेंबर

बोलण्याची तपासणी. मॅडमनी किल्ली दाखवली, मी नाव सांगितलं. घड्याळ दाखवलं, सांगितलं. मग शेजारी बोट दाखवून विचारलं, या कोण?

कोण ते मला ठाऊक होतं. माहेर कुठलं, भाकरी कशी थापते, रागावली की कुठं जाऊन बसते, सगळं ठाऊक होतं. नाव येईना. ती मान खाली घालून पिशवीत काहीतरी शोधत बसली.

संध्याकाळी नाव आलं. शिवकन्या. मोठ्यानं म्हटलं. पुन्हा म्हटलं. तिनं काहीतरी बोलावं असं फार वाटलं.

ती गोळी आणि पाणी घेऊन उभी होती. म्हणाली, "आ करा."

मी केला. गिळून झाल्यावर तिनं पुन्हा करायला लावला.