भाऊबीजेच्या दहा ओव्हर

॥ श्री ॥

कर्जत,
२० नोव्हेंबर १९७८

चि. सौ. सोनूस,
गजादादाचे अनेक उ. आ.

इकडे आम्ही सर्व खुशाल, साजगावची खुशाली कळवावी. निकालाचं कार्ड आधीच टाकलं आहे, पण सविस्तर लिहिल्याशिवाय मला चैन पडेना. आमच्या शाळेने ढालीचा पहिला सामना जिंकला, आणि तो तुझ्या चिरंजीवाने एकट्याने जिंकला असं हेडमास्तर सर्वांसमक्ष म्हणाले. नववीतलं पोर, पण सात विकेट! मॅटिंगवरून चेंडू असा उसळत होता की पाहुण्यांचा एक गडी खेळायचं सोडून बाजूच्या पंचाशेजारी जाऊन उभा राहिला.

आता तुझ्या काळजीविषयी. भाऊबीजेला तू मी आणलेलं लुगडं परत माझ्याच मांडीवर ठेवलंस आणि म्हणालीस की ओवाळणीत मला शब्द हवा, पदूला एका सामन्यात दहाच्या वर ओव्हर टाकायला लावायच्या नाहीत. मी दिला. गजामास्तरचा शब्द आजवर खाली पडलेला नाही. परवा सकाळी पदूने बरोबर दहा ओव्हर टाकल्या. मग जेवणाची सुट्टी झाली. सुट्टीनंतरचा खेळ हा एका अर्थी नवाच खेळ असतो, हे तुला कोणीही खेळाडू सांगेल. शिवाय नो-बॉल मी धरत नाही, आणि त्यांचे शेवटचे गडी इतके कच्चे होते की त्यांना टाकणं म्हणजे हाताला आरामच.

खरी कीव आली ती पाहुण्या शाळेच्या बोलरची. मिसरूड न फुटलेलं पोर, आणि त्याच्या मास्तरने त्याला अख्खा डाव एका टोकाने जुंपलेला. मला राहवलं नाही. चहाच्या वेळी गाठून सुनावलं की मास्तर, लेकरू आहे ते, रहाटाचा बैल नव्हे. तर तो गृहस्थ उलट आपल्या पदूकडे बोट दाखवायला लागला. कसली माणसं शिक्षक होतात कोण जाणे.

तुझी वहिनी पदूला रोज दोन अंडी देते. त्याच्या बोटांतली ताकद तर तुला ठाऊकच आहे. राखी पौर्णिमेला तुझ्या वतीने त्याने मला राखी बांधली ती अशी करकचून, की दिवाळीपर्यंत गाठ सुटली नाही. अशा हाताची चिंता करू नये. लहानांस आशीर्वाद, मोठ्यांस नमस्कार, आणि उत्तर लवकर.

तुझा,
गजादादा

ता. क. : आई, शि. सा. न. मामा जास्त टाकायला लावत नाही, मीच मागतो. चिवडा संपला. – पदू


॥ श्री ॥

साजगाव,
२८ नोव्हेंबर १९७८

ती. गजादादास,
सोनूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं कार्ड मला मिळायच्या आधी गावभर पोचलं होतं. शकूरभाई पोस्टमन वाटेत वाचत येतात, त्यामुळे सात विकेटींची बातमी मला विहिरीवर येसूबाईकडून कळली. शकूरभाई दारात आले तेव्हा म्हणाले, सोनूताई, पोरगा नाव काढनार हाय, पन त्याच्या खांद्याला तेल लावाया सांगा. कार्ड वाचून पोस्टमनला खांदा आठवला, कार्ड लिहिणाऱ्याला नाही.

मी सातवीपर्यंतच शिकले. पण आमच्या वेळी दहाच्या पुढे अकरा येत असत, मध्ये जेवण झालं तरी. लुगडं घेतलं असतं तर निदान दोन वर्षं नेसले असते.

इकडे भाताचे भारे खळ्यावर पडून आहेत. झोडणीला माणूस मिळत नाही म्हणून मामंजी पदूला बोलाव म्हणत होते. मी म्हटलं, त्याचा उजवा हात सध्या कर्जतला कामाला आहे.

दादा, चेष्टा पुरे. मला भीती वाटते. तुझा भाचा दुखलं तरी सांगणारा नाही. लहानपणी काट्याने पाय पिकला होता तेव्हा लंगडणं दिसू नये म्हणून तो पळत असे. मीच मागतो असं तो लिहितो, म्हणून तर मी शब्द त्याच्याकडून न घेता तुझ्याकडून घेतला. त्याला नाही म्हणण्याएवढा तू मोठा आहेस.

वहिनीस नमस्कार. चिवडा आणि खोबरेल तेलाची बाटली मोतीबाईच्या जावयाबरोबर पाठवते आहे, बाटली चिवड्याआधी उघडावी. माझ्यावर लोभ आहेच, त्यातला थोडा पदूच्या खांद्याकडे वळव.

तुझी,
सोनू


॥ श्री ॥

मोहोपाडा,
१२ डिसेंबर १९७८

रा. रा. गजाननराव यांसी,
सखारामचा सा. न. वि. वि.

मी शनिवारी घरी गेलो तेव्हा सोनूने सर्व सांगितलं. आपण शिकलेले, त्यात मास्तर. आपल्यासारख्याने पोराच्या हाताची अशी नासाडी करावी हे मला बापाला पटलं नाही. ढाल शाळेच्या कपाटात राहणार, पण हात त्याला जन्मभर पुरवायचा आहे. एवढं स्पष्ट लिहिल्याबद्दल राग नसावा.

दुसरं म्हणजे, आमच्या कंपनीची टीम आहे. आमचे साहेब क्रिकेटवेडे. पदूचं नाव त्यांच्या कानावर गेलं आहे. पोरगा मॅट्रिक झाला की चिकटवून घेऊ, आधी जरा हात दाखवू दे, असं ते स्वतः म्हणाले. तेव्हा दर रविवारी त्याला सकाळच्या एस.टी.ने इकडे पाठवावं. काम काही नाही, साहेबांना बॅटिंगची सवय व्हावी म्हणून बॉल टाकायचे, त्यांचं मन भरेपर्यंत. आठवडाभर आपण त्याला खेळवू नये, म्हणजे रविवारी तो ताजा असेल.

सोनूला यातलं कळवू नये. ती उगीच काळजी करते. आपला स्नेह आहे तो असाच चालावा.

आपला,
सखाराम


॥ श्री ॥

कर्जत,
१८ डिसेंबर १९७८

रा. रा. सखारामपंतांस,
गजाननचा सा. न. वि. वि.

पत्र पोचले. आपली कळकळ पाहून बरे वाटले. परंतु आठवडाभर न खेळवणे अशक्य आहे, ढालीचे पुढचे सामने तोंडावर आले आहेत. आणि दर रविवारी साहेबांचे मन भरेपर्यंत पोराने राबायचे, हे मामा म्हणून मला बघवणार नाही. तेव्हा मध्यममार्ग काढतो. एक रविवार आपला, एक रविवार शाळेचा. हाताला बदल हीच विश्रांती असते.

सोनूला न कळवण्याबाबत आपले म्हणणे योग्य आहे. कृपालोभ परस्परांवर असावा, तसा या वाटणीवरही असावा.

आपला,
गजानन


॥ श्री ॥

साजगाव,
१६ जानेवारी १९७९

ती. गजादादास,
सोनूचा शि. सा. न.

पदू संक्रांतीला आला. पंगतीत मामंजींच्या शेजारी बसला आणि डाव्या हाताने जेवायला लागला. मामंजींनी त्याच्या हातावर फटका मारला. म्हणाले, हायस्कुलात हेच शिकवतात काय रं? पदूने हात बदलला. उजव्या हाताने भाकरीचा तुकडा मोडला, पण हात तोंडापर्यंत येईना, तेव्हा त्याने तोंडच खाली ताटाकडे नेलं. मी वाढायची थांबले. घरातल्या बाकीच्यांना वाटलं, पोर रुसलं.

संध्याकाळी सदरा डोक्यातून निघेना. मी हात लावला तर पांढरा पडला, तरी म्हणतो, नाय दुखत गं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट चिमटा घेतला तरी त्याला कळत नाही. काल खोपोलीला डॉक्टरांकडे नेलं. खांद्याचा सांधा सुजून शीर दाबली गेली आहे म्हणाले. पावसाळ्यापर्यंत चेंडू हातात घ्यायचा नाही. घेतला तर ही दोन बोटं परत येतील याची हमी देत नाही, असं त्यांनी मला समोर बसवून सांगितलं.

मग रविवारचंही बाहेर आलं. तुमच्या दोघांचं माझ्या लग्नाच्या मुहूर्तापासून एका गोष्टीवर एकमत झालेलं मला आठवत नाही, ते यावर झालं. माझ्या पोराचे रविवार तुम्ही बांधावरच्या आंब्यासारखे वाटून घेतलेत. हे घरी होते. त्यांनी पदूची बोटं पाहिली, आणि म्हणाले, आता साहेबांना काय सांगू?

शाळा बुडू नये म्हणून त्याला परत पाठवते आहे, दुसऱ्या कशासाठी नाही. २८ तारखेला शेवटचा सामना आहे हे मला ठाऊक आहे. शकूरभाईंनाही ठाऊक आहे. त्यात पदू चेंडू टाकणार नाही. हे मी चेष्टेत लिहीत नाही. आईबाबा गेल्यावर तूच मला सासरी पाठवलंस. त्यांच्या जागी मी तुलाच मानत आले, म्हणून पोर तुझ्या घरी ठेवलं. दादा, मी तुझ्या पाया पडते, त्याचा हात सांभाळ.

सोबत तिळगूळ आहे. या खेपेला नुसता खाऊ नकोस, आधी वाच.

तुझी,
सोनू


॥ श्री ॥

कर्जत,
३० जानेवारी १९७९

चि. सौ. सोनूस,
गजादादाचे अनेक उ. आ.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस नीट जेवलो नाही, वहिनीला विचार. डॉक्टरांचा शब्द तो शब्द. पदूला मी चेंडूला हात लावू दिला नाही. सामन्याच्या दिवशीसुद्धा तो तंबूत बसून होता. पांढरे कपडे घातले होते ते केवळ बाकीच्या मुलांना धीर यावा म्हणून. नाव यादीत होतं, कारण यादी आधीच गेली होती. आणि क्षेत्ररक्षणाला उभा केला तो अशा जागी, की जिकडे चेंडू सहसा येत नाही.

आता पुढचं शांतपणे वाच. दोन गडी राहिले होते आणि त्यांना हव्या होत्या आठ धावा. आमची पोरं टाकून टाकून दमली होती. मैदानाभोवतीचे लोक पदूच्या नावाने ओरडत होते. हेडमास्तर माझ्याकडे बघत होते. मी मुद्दामच खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसलो. वर पाहतो तर पदू सीमारेषेपाशी माझ्यासमोर हात पुढे करून उभा. म्हणाला, मामा, एकच ओव्हर. तूच सांग, अशा वेळी माणसाने काय करावं? तू आधीच सांगितलं होतंस हे मला मान्य आहे. पण तू मैदानावर नव्हतीस.

मी मान हलवली. पाच चेंडूंत दोन्ही गडी बाद! सहावा टाकावाच लागला नाही, म्हणजे तेवढी बचतच झाली. पाचव्या चेंडूनंतर तो खाली बसला. मुलांनी त्याला खांद्यावर उचललं तेव्हा तो ओरडला, आम्हाला वाटलं, आनंदाने. ढाल घेताना त्याने डावा हात पुढे केला. प्रमुख पाहुण्यांना ते रुचलं नाही, पण मी त्यांना नंतर समजावून सांगितलं. फोटो छान आला आहे. ढाल मोठी असल्यामुळे उजवा हात झाकला गेला आहे.

काल त्याला दवाखान्यात नेऊन आणला. हात गळ्यात बांधला आहे. डॉक्टर जरा जास्तच बोलले. तरुण हाड आहे, भरून येईल असं मला वाटतं. तू एकदा येऊन ढाल पाहून जा. राग धरशील हे गृहीत आहे, पण तो पत्राने धर, अबोल्याने नको.

तुझा,
गजादादा


॥ श्री ॥

साजगाव,
१ ऑगस्ट १९७९

ती. गजादादास,
सोनूचा शि. सा. न.

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. तू अबोला नको म्हणाला होतास, पण लिहायला बसले की हात थांबायचा. आमच्या घरात तेवढं एक नवीन दुखणं आलं आहे.

मे महिन्यात पदूला मुंबईला दाखवलं ते तुला माहीत आहे. डॉक्टर काय म्हणाले ते मात्र मी कळवलं नव्हतं. खांदा थोडाफार सुटेल, बोटं येतील असं धरून चालू नका, असं म्हणाले. परीक्षेत त्याला लिहायला वेळ लागेल, तेव्हा आतापासून सवय करू द्या म्हणाले. साहेबांना पनवेलकडचा कोणी मुलगा मिळाला. हे आता रविवारी घरीच असतात, ओटीवर बसून पाऊस बघतात.

जूनमध्ये पदूला पुन्हा तुझ्याकडे का पाठवलं, असं तू विचारतोस. तोच म्हणाला, दहावी मामाकडंच करीन. तुझ्यावर त्याचा राग नाही. माझा आहे.

तू लिहितोस की वाडीवरचा शुक्रा नावाचा मुलगा आठवीत आला आहे, तो पदूपेक्षाही वेगाने टाकतो, यंदाही ढाल कुठे जात नाही. त्याला हात कसा फिरवायचा ते पदूच दाखवतो हे वाचून मी पत्र खाली ठेवलं. शुक्राच्या आईला लिहितावाचता येत नाही असंही तू लिहिलं आहेस. म्हणजे तिचं पत्र तुला यायचं नाही. तर हेच तिचं समज. दहा म्हणजे दहा, जेवणाच्या आधीच्या आणि नंतरच्या धरून, नो-बॉलसकट.

वहिनीस नमस्कार. ओवाळणी पाठवू नकोस, शब्द तर नकोच. लोभ उरला आहे, नसता तर सोबतचं पाकीट पाठवलं नसतं. त्यात राखी आहे. दरवर्षीप्रमाणे माझ्या वतीने पदूच बांधेल. यंदा गाठ मारायला त्याला वेळ लागेल. तू पाटावर बसून हात पुढे धर. घाई करू नकोस, आणि मदतीला वहिनीला बोलावू नकोस.

तुझी बहीण,
सोनू