कारवीच्या कळ्या

१२ ऑगस्ट २०२४
परसातल्या कारवीला कळ्या! मोजल्या नाहीत, दृष्ट लागेल. शाळेत संस्कृत शिकवणाऱ्यानं असलं लिहू नये – लिहिलं. सासरे आबाजी नेरळच्या डोंगरातून हे रोप पिशवीत घालून आले आणि आमच्या कर्जतच्या घरामागे लावून गेले, त्याला सात वर्षं झाली. त्याच हिवाळ्यात ते गेले. तेव्हापासून मी या फुलांची वाट बघतोय. जेवताना सुप्रियाला सगळं सांगितलं – आठव्या पावसाळ्यात एकदाच फुलते, बी धरते, मग वाळून जाते. प्रवचन जरा लांबलं. ती ताट घेऊन मध्येच उठली.

१६ ऑगस्ट
पुढच्या फांदीवरचे तीन तुरे गायब. कुंपणापलीकडे मोतीबाईच्या शेळ्या. प्रत्यक्ष प्रमाण नाही, पण अनुमान भक्कम.

१७ ऑगस्ट
मोतीबाईला विचारलं. आडून, सभ्यपणे. तिनं देठ हातात घेऊन निरखला. "मास्तर, ह्ये कातरलेलं हाय. माजी शेळी कात्री चालवते काय?" हसली, पण नजर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. काहीतरी लपवतेय. तिच्या काकडीच्या मांडवाला कारवीच्याच काठ्या आहेत, हेही नोंदवून ठेवतो.

२० ऑगस्ट
आणखी दोन फांद्या साफ. सुप्रियाला म्हटलं, कुंपणाला जाळी लावू. "लावा की." एवढंच. एरवी खिळा ठोकायचा तरी तिचे तीन आक्षेप असतात.

२३ ऑगस्ट
जाळी लावली. मोतीबाईनं शेळ्या पार पलीकडे नेऊन बांधल्या. कुंपणावरून अळूची पानं द्यायची, तीही बंद. कळ्या मात्र रोज कमी होताहेत. जाळीतून हात जातो का, करून पाहिलं. माझा तरी गेला नाही.

२९ ऑगस्ट
शाळा लवकर सुटली. परसात कारवीपाशी सुप्रिया – हातात शिवणाची कात्री, पदरात कळ्या. दचकलीसुद्धा नाही.
"फुलली की मरते, तुम्हीच म्हणालात ना? आबांचं एवढंच तर राहिलंय."
प्रत्यक्ष प्रमाण मिळालं.
संध्याकाळी मोतीबाईची माफी मागायला गेलो. "मला ठाव होतं," म्हणाली. "रडत कातरत होती वो. तुमाला कशाला सांगू?" येताना अळू दिलं.

२ सप्टेंबर
भिंतीकडच्या फांदीवर, पानांआड, एक तुरा सुटलाय. जांभळा होऊ लागलाय. बी धरायला तेवढा पुरे.
"सगळ्या गेल्या ना?" सुप्रियानं विचारलं.
हो म्हणालो.