आधी अर्क, मग विष

४ ऑगस्ट
आज प्रयोगशाळेत उंदरांना विष दिलं. आठवडाभर आधीपासून भुईआवळ्याचा अर्क चालू होता. म्हणजे पाल्याने लिव्हर किती वाचतं ते कळेल. विषाची बाटली उघडली आणि थबकलेच. तो गोडसर वास! बाबांच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानाचा. त्यांच्या मशीनमधलं द्रावण म्हणजे या विषाचं सख्खं भावंड. लहानपणापासून याला मी बाबांचा वास समजत होते.

९ ऑगस्ट
बाबांना बळेच रक्त तपासायला नेलं. लिव्हरचे आकडे वाढलेले.
"एवढंच ना? तुझा तो अर्क आण."
"बाबा, तो उंदरांसाठी आहे."
"म्हणजे बापाला उंदराइतकीही किंमत नाही!"
आई पोट धरून हसली. मला हसू येईना.

१० ऑगस्ट
आईने बाबांच्या काढ्यासाठी अंगणातला भुईआवळा कुटलाच! "पाल्याने काय वाईट होणार आहे?" म्हणे. पाल्याचं नाही, मशीनचं म्हणतेय मी. ते मशीन बंद करा.
बाबा — "आणि खायचं काय? तुझा प्रबंध?"

१८ सप्टेंबर
निकाल आले. आधी अर्क, मग एकदाच विष — ते उंदीर छान वाचले. माझ्या गाइड मॅडम खूश. पण दुसऱ्या गटाला रोज थोडं थोडं विष होतं, सोबत अर्कही. तिथे पाला कमी पडला. विष थांबत नाही तोवर तो तरी किती पुरणार?
बाबा या गटातले.

१९ सप्टेंबर
बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. त्यांचं रक्त पुन्हा तपासलं होतं, आकडे तसेच आहेत. "वाढले नाहीत ना? मग लागू पडतोय की काढा!" या माणसापुढे हात टेकले.

२३ सप्टेंबर
दुपारी दुकानात गेले. दारातच उभी राहून बघत होते. मशीनचं झाकण उघडताना बाबा मान तरी वळवतात. तिथून अर्धवट वाळलेला कोट येतो आईच्या टेबलावर. ती गरम इस्त्री टेकवते, वाकून कॉलर बघते — आणि सगळी वाफ तिच्या तोंडावर. वर्षानुवर्षं!
"आई, तू घेतेस का काढा?"
"मला काय धाड भरलीय? तुझे बाबा तेवढे प्यायले की झालं."
जेवण का कमी झालंय विचारलं, तर म्हणाली, "वय होतंय गं."
तशीच हाताला धरून रक्त द्यायला नेलं. वाटभर पुटपुटत होती — "सुया टोचायची हौस, तर उंदीर आहेत ना तुझ्याकडे."

२५ सप्टेंबर
आईचे आकडे बाबांच्या दुपटीहून जास्त. बाबांनी कागद वाचला, परत वाचला. दुकानात गेले आणि मशीनची वायर कापून आले.