सातव्या दाराआडचं कोण

माधवनगर, सांगली
१० नोव्हेंबर १९९७

ती. ताईस,
सुमंतचा शि. सा. न. वि. वि.

सोबतचं पुडकं जपून उघड. वेफर्सच्या पुड्यातून आमचे ‘सप्तगड’चे पत्ते निघतात ते तुला ठाऊक आहे. इथली पोरं एका नागिणीसाठी दोन वेताळ देतात आणि शाळेच्या वाटेवर भांडतात. त्या पत्त्यांतल्या राणी काजळीची आता आम्ही चित्रकथा केली आहे. चित्रं माझी, छपाई नियाजची. लग्नपत्रिका आणि हळदीची लेबलं यांतून सवड काढून त्याने ही एकच नमुना प्रत काढली. पत्त्यांचा जुना जोडही ठेवला आहे.

कोयनानगरची नकाशे काढायची नोकरी अण्णांनी शब्द टाकून मिळवली, तिचं होय-नाही महिनाअखेर कळवायचं आहे. मिल बंद झाल्यापासून विजयमाला मला काही म्हणत नाही. मात्र कोयनेचं नाव निघालं की ट्रंका माळ्यावर कुठल्या बाजूला आहेत ते सांगते.

म्हणून तुला एकच विचारतो. शेवटचं पान वाचल्यावर पुढं काय झालं असेल, असं मनात येतं का? येत नसेल तर मी कोयनेला जातो. तुला खोटं बोलता येत नाही, म्हणून तुलाच विचारलं. अण्णांना दाखवू नकोस. पत्ते म्हटलं की त्यांना जुगार दिसतो.

माया आहेच, ती चित्रांवरही थोडी असू दे.

तुझा,
सुमंत

---

सातारा
१५ नोव्हेंबर १९९७

चि. सुमंत यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही, कारण शेवटचं पान मी पाहिलेलंच नाही. काल ‘शेवट छान आहे’ असं लिहून पाकीट चिकटवलं होतं. सकाळी ते फाडलं. छान असेलही, पण ते माझं वाचलेलं नव्हे.

घडलं ते असं. पुस्तक मळेल म्हणून मी त्याला खाकी कव्हर घातलं. काजळी सातव्या गडाचं दार ठोठावते, दार किलकिलं होतं, तिथपर्यंत वाचलं आणि शेवट संध्याकाळी चहाबरोबर वाचावा म्हणून ठेवून कॉलेजला गेले. गोडाचा घास मागे ठेवायची माझी खोड तुला माहीत आहे. नवं पंचांग समजून अण्णांनी ते उघडलं. शेवटच्या पानाच्या पाठीवर तुम्ही नवे नऊ पत्ते छापले आहेत ना, तुटक रेघा मारून आणि ‘कापून खेळा’ असं लिहून? जन्मभर ओव्हरसियरकी केलेला माणूस. रेघ दिसली आणि कात्री घेतली. वर पत्ते कडक व्हावेत म्हणून कणकेची खळ करून ते जुन्या लग्नपत्रिकांवर डकवले. तुझ्या कथेचा शेवट आता कुणाकुणाच्या शुभविवाहाला चिकटून बसला आहे.

तेव्हापासून ते वरच्या मजल्यावरच्या मयूरीशी डाव मांडतात. ती सातवीत आहे आणि अदलाबदलीत त्यांना दाद देत नाही. तुझ्या चित्रांबद्दल अण्णा एवढंच म्हणाले, की गडावर पाण्याचं टाकं उताराच्या चुकीच्या अंगाला काढलंय, तिथं थेंब साचणार नाही.

राग आला असेल तर माझ्यावर काढ. लोभ तेवढा कापू नकोस.

तुझी ताई,
विनोदिनी

---

माधवनगर
१८ नोव्हेंबर १९९७

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र वाचून मी हसत सुटलो, नियाज मात्र डोकं धरून बसला. पाठ कोरी कशाला घालवायची म्हणून पत्ते तिथं छापायची अक्कल त्याची होती, आणि मीही मान डोलावली होती. तो म्हणाला, गड्या, लय थोडक्यात वाचलो, नाहीतर गावभरच्या पोरांनी शेवट कातरून टाकला असता आणि आपल्यालाच विचारलं असतं की गोष्ट अर्धी का म्हणून!

पण ताई, माझा प्रश्न जिथल्या तिथं राहिला. शेवट मी पत्रात सांगणार नाही. सांगितलेल्या शेवटावर तू जे म्हणशील ते माझ्या चित्रांना लागू नाही. इथं विजयमालाने ट्रंका खाली काढल्या आहेत. होकाराचं पत्र मी लिहून ठेवलं आहे, सोमवारी टाकतो. अण्णांनाही बरं वाटेल.

आठवण ठेव, मी कुठंही असलो तरी.

सुमंत

---

सातारा
२१ नोव्हेंबर १९९७

चि. सुमंत यास,
आशीर्वाद.

ते पत्र टाकू नकोस. हे स्पीड पोस्टाने पाठवते आहे.

तुझं पाकीट या वेळी अण्णांनीच फोडलं. वाचून झाल्यावर स्वयंपाकघरातून परात आणली, पाणी भरलं आणि हातातले आठही पत्ते त्यात सोडले. खळ सुटल्यावर तुझे तुकडे पापडासारखे वर्तमानपत्रावर वाळत घातले. पत्रिकांचं कुंकू उतरून सगळं चित्र गुलाबी झालं आहे. दार उघडलेलं, दिवा धरलेला हात दिसतो. दिवा कुणी धरलाय तेवढंच नाही, कारण चेहरा होता पाणघोड्याच्या पाठीवर, आणि पाणघोडा अण्णांनी मयूरीला देऊन टाकलेला.

तिने त्याच्या बदल्यात नागीण मागितली. अण्णा म्हणाले, नागीण मुळीच देणार नाही, पोरगी लुबाडते. दुपारभर गॅलरीत येरझारा घातल्या. मीही तपासायचे पेपर पुढ्यात घेऊन दिवा कुणाचा असेल तेच ठरवत बसले होते, हे कबूल करते. पाचच्या सुमारास ते गुडघे धरत जिना चढून गेले. खाली आले तेव्हा हातात पाणघोडा होता. नागीण नव्हती.

दार उघडणारी काजळीच निघाली. केस पांढरे झालेली. आम्ही दोघं परातीवर वाकून किती वेळ पाहत होतो कोण जाणे, आमटी करपली.

माझं उत्तर हो आहे. ते घाईत दिलेलं नाही ना, हे मी स्वतःला विचारून पाहिलं. खालची जागा अण्णांनी मागून घेतली, म्हणून थांबते. जिव्हाळा राहू दे.

ताई

चि. सुमंत, आशीर्वाद. टाकं दुसऱ्या अंगाला घे. कोयनेच्या साहेबांना मी कळवतो, तू लिहू नकोस. बाई दाराबाहेर उभी असताना आत म्हातारी कधी झाली? मयूरी काहीतरी भलतंच सांगते, मला पटत नाही. पुढचं लवकर छापा, आणि पत्त्यांच्या पाठी कोऱ्या ठेवा.
— अण्णा