मार्चपर्यंत कवयित्री

४ जुलै, सकाळी
आज विद्यापीठात प्रवेश घेतला. कवितालेखनाचा एक वर्षाचा डिप्लोमा. अर्जात ‘कारण’ असा रकाना होता. ‘आवड’ असं लिहिलं. खरं कारण इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही. मे महिन्यात घर सोडताना हे म्हणाले, तुझ्याशी बोलणं म्हणजे वाणसामानाची यादी वाचणं. एकतीस वर्षांत त्यांनी मनातलं असं मोकळेपणी प्रथमच सांगितलं. आणि ज्या तक्रारीवर उपाय आहे, ती काही खरी तक्रार नव्हे. मार्चमध्ये कोर्स संपेल. तोवर मी कवयित्री, आणि एप्रिलमध्ये हे घरी.
निश्चय: रोज एक कविता.

५ जुलै
सुचली नाही. कपाटं आवरली. वातावरणनिर्मिती.

१२ जुलै
पहिला तास. मॅडम माझ्या मुलीपेक्षा लहान आहेत. वर्गातली मुलं मला काकू म्हणतात आणि पंख्याखालची जागा देतात. इथली पद्धत अशी: कवितेवर नाव नाही, फक्त नंबर. चिठ्ठी टाकून दुसऱ्याच कोणीतरी ती वाचायची. मग सगळे तिच्यावर बोलणार, आणि जिची कविता तिने तोंड मिटून बसायचं. मी म्हटलं, त्याची मला सवय आहे. वर्ग हसला. मी विनोद केला नव्हता.
माझा नंबर सात.

२ ऑगस्ट
सात नंबर वाचला गेला. चंद्र, राजहंस, विरह, काही म्हणून कमी पडू दिलं नव्हतं. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर आम्हाला रांगेत उभं करून कविता पाठ म्हणायला लावायच्या, तेव्हापासून माझा कान तयार आहे. मॅडमनी विचारलं, या कवीने राजहंस कधी पाहिलाय का? निळ्या केसांची एक मुलगी आहे, ती म्हणाली, कॅलेंडरवर पाहिला असेल. बरोबर होतं. कसं ओळखलं कोण जाणे.

१९ ऑगस्ट
लेकीचा फोन. आई, वकिलाला भेट. ती दातांची डॉक्टर आहे, तिला सगळं उपटूनच टाकायचं असतं. म्हणाली, बाबा त्या बाईंकडे राहतात, हे तुला कळतंय ना? न कळायला काय झालं. त्या बाईही कविता करतात, वाचनमंडळात ओळख झाली. पण त्यांच्या फ्लॅटला दोन बेडरूम आहेत, मी चौकशी केली आहे. हे मी तिला सांगितलं. मग म्हणाली, जेवलीस का?

३० सप्टेंबर
आजवरच्या कविता: चार. निश्चयात बदल. महिन्याला एक, पण कसदार.

९ नोव्हेंबर
तासानंतर मॅडमनी थांबवून घेतलं. म्हणाल्या, तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल, असं काहीतरी लिहा. घरी येऊन लिहिलं. हे चष्मा फ्रिजवर ठेवतात आणि घरभर शोधतात. आधी डावा बूट, मग उजवा. शिंक यायच्या आधी हात वर करतात, वर्गात उत्तर येत असल्यासारखा. पाठीला खाज सुटली की माझं नाव घेत नाहीत, नुसतं ‘जरा’ म्हणतात. अठ्ठावीस ओळी झाल्या. राजहंस एकही नाही. रडले नाही. कागद ओला झाला तो पेन गळत होतं म्हणून.

१६ नोव्हेंबर
चिठ्ठी निळ्या केसांच्या मुलीला आली. वाचता वाचता एकदा थांबली, पाणी प्यायली, मग पुढे वाचलं. मॅडम म्हणाल्या, ही मार्चमध्ये समारोपाच्या कार्यक्रमात वाचायला घेऊ. बसस्टॉपवर त्या मुलीने विचारलं, काकू, ती तुमची ना? मी म्हटलं, छे गं. ती बरं म्हणाली आणि माझी पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली.

२० फेब्रुवारी
ह्यांना पत्र टाकलं. मसुदे नऊ. शेवटी एवढंच लिहिलं: १४ मार्चला पाच वाजता विद्यापीठाच्या सभागृहात या, भेटायचं आहे. कविता माझी आहे हे सांगितलं नाही. कार्यक्रमातही नावं नसतात, नंबरच. तेच बरं. चष्मा, बूट, शिंक. चौथ्या ओळीला ओळखतील आणि वळून मला शोधतील. मधली रांग धरून बसायचं, म्हणजे त्यांना मान फार वळवावी लागणार नाही. मानेचं दुखणं आहे त्यांना.

१४ मार्च, संध्याकाळी
हे आले. माझ्या पुढे दोन रांगा, कडेची खुर्ची. शर्ट मी घेतलेला नव्हता. त्या मुलीनेच वाचली, फार छान वाचली. शिंकेच्या ओळीला सभागृह हसलं, हेही मोकळेपणी हसले. शेवटच्या ओळीला ह्यांनी रुमाल काढला. मी पर्स उचलून तयार झाले.
बाहेर व्हरांड्यात भेटलो. म्हणाले, ती सातवी चटका लावून गेली गं. कोण बिचारी बाई असेल, एवढं सगळं टिपून ठेवणारी. आणि तिचा नवरा? नुसता दगड असणार.
मी म्हटलं, तसं नाही हो, माणूस बरा असेल.
त्यांनी विचारलं, तुझ्या ओळखीचा आहे का?
म्हटलं, वाटायचं तसं.
मग त्यांनी बॅगेतून वकिलाचे कागद काढले. मी सहीसाठीच बोलावलंय, असं त्यांना वाटलं होतं. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुल्या मारून आणल्या होत्या. तीन ठिकाणी. उभ्या उभ्या, भिंतीला कागद टेकवून केल्या.

१५ मार्च
जिन्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनी भेटल्या. मिस्टरांची टूर संपली का, असं त्या दर महिन्याला विचारतात, आणि मी सांगते, लांबली. आज त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं, टूर नव्हतीच हो. ते आता यायचे नाहीत.
वहिनी म्हणाल्या, अहो, माहितेय. मे महिन्यात त्यांचं टेबल खाली उतरवायला आमचेच हे तर होते.
म्हटलं, मग दर वेळी विचारत का होतात?
म्हणाल्या, तुम्हाला सांगायला बरं वाटायचं म्हणून.